कॉलेजची शाखा आणि कारखान्याचें दार

आषाढाच्या सुमारास कॉलेजप्रवेशाच्या याद्या लागूं लागल्या म्हणजे पिंपरी, चिंचवड, निगडी, भोसरी या बाजूच्या घरोघरीं एकच चर्चा ऐकूं येते. पाऊसपाण्याची विचारपूस मागें पडते, आणि ‘कोणती शाखा मिळाली?’ हा प्रश्न पुढें येतो. गेल्या वर्षीं याच दिवसांत चाकणजवळच्या एका खेड्यांतले एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आले. लेखकाची उभी हयात शिकविण्यांत गेली असल्यामुळें असले प्रश्न घेऊन येणारांची घरीं वाण नसते. गृहस्थांची पांच एकर जमीन औद्योगिक वसाहतींत गेलेली. मोबदल्याच्या रकमेंतून घर झालें, एक मोटार झाली, थोरल्या मुलीचें लग्न झालें, आणि जें उरलें तें धाकट्याच्या शिक्षणासाठीं बाजूस ठेवलेलें. ते म्हणाले, “गुरुजी, जमीन एकदांच विकतां येते. हा पैसा चुकीच्या ठिकाणीं पडला तर दुसरा नाहीं. आमच्याच रानांत उभ्या राहिलेल्या कंपनीच्या दारांत पोरगा वॉचमन होऊं नये, एवढंच बघायचं. कोणती शाखा घ्यावी तेवढं सांगा.” मुलगा शेजारीं मान खालीं घालून बसला होता.

‘तेवढं’ त्या दिवशीं आम्हांस सांगतां आलें नाहीं. हा प्रश्न या मुलखास गेल्या पावणेदोनशें वर्षांत अनेकदां पडला आहे, आणि दर वेळीं त्याचें उत्तर निराळें निघालें आहे. एका पिढीनें अनुभवानें काढलेलें उत्तर दुसऱ्या पिढीनें डोळे मिटून घेतलें, आणि तें चुकलें. तेव्हां गृहस्थांस जें तासाभरांत सांगतां येईना, तें येथें जरा सावकाश सांगण्याचा विचार आहे.

आपल्याकडे विद्येस शाखा फुटल्या त्या मुळांत सरकारच्या गरजेंतून. सर चार्ल्स वूड यांचा शिक्षणविषयक खलिता १८५४ चा. त्याच वर्षीं पुण्यास भवानी पेठेंत इंजिनिअरिंगचा एक वर्ग व त्यास जोडून एक यंत्रशाळा निघाली. रस्ते, पूल, कालवे आणि सरकारी इमारती यांवर देखरेख करण्यास हाताखालचीं माणसें हवीं होतीं, आणि तीं सगळीं विलायतेहून आणणें परवडण्यासारखें नव्हतें. एवढाच त्या वर्गाचा हेतु. १८६६ सालीं त्याचें कॉलेज झालें, पुढें कांहीं काळ त्यास सायन्स कॉलेज म्हणत, १९११ सालीं तें इंजिनिअरिंग कॉलेज झालें, आणि २०२२ पासून तें स्वतंत्र विद्यापीठ आहे. परंतु पहिल्या पन्नास वर्षांत तेथें खरी मानाची शाखा एकच, स्थापत्याची. कारण चाकरीस ठेवणारा धनीहि एकच, सार्वजनिक बांधकामखातें. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मद्रास विद्यापीठाची बी. ए. पदवी घेऊन म्हैसूर संस्थानच्या मदतीवर पुण्यास आले, १८८३ च्या परीक्षेंत पहिले आले, आणि दुसऱ्याच वर्षीं मुंबई सरकारच्या बांधकामखात्यांत नोकरीस लागले. पुढें खडकवासल्याच्या धरणावर त्यांनीं पाण्याच्या दाबानें आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. विद्या, परीक्षा, हुद्दा आणि काम इतक्या सरळ रेषेंत क्वचितच येतात. त्या रेषेचा मोह मराठी मध्यमवर्गास जो जडला, तो अद्यापि सुटलेला नाहीं.

इकडे तळेगांव-चिंचवडच्या माळावरून आगगाडी धांवूं लागली होती. खंडाळा ते पुणें हा रस्ता १८५८ सालीं खुला झाला, आणि बोरघाटाचें प्रचंड काम पुरें होऊन १८६३ सालीं मुंबई पुण्यास जोडली गेली. त्या मार्गाचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले हा इंग्रज. देशी माणसांच्या वांट्यास मुख्यतः सुरुंग, खडी आणि पाटी आली. मोरया गोसाव्यांच्या चिंचवडास देवदर्शनासाठीं येणारा यात्रेकरू आतां गाडींत बसून येऊं लागला, पण गाडी कशी चालते हें त्यास सांगणारी शाळा जवळपास नव्हती. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी. ए. १८६२ सालीं बाहेर पडले; त्यांत रानडे होते, भांडारकर होते. त्यांची बुद्धि कोणत्याहि देशास भूषणावह झाली असती हें खरें. परंतु त्यांच्या मागून जे शेंकडों पदवीधर निघाले त्यांना वकिली, मास्तरकी आणि कारकुनी यांपलीकडे वाट दिसेना. जोतीराव फुले यांनीं १८८२ च्या ऑक्टोबरांत हंटर कमिशनपुढें जें निवेदन ठेवलें, त्यांत याच दुखण्यावर बोट ठेवलें आहे. शाळा-कॉलेजांत मिळणारें शिक्षण कारकून आणि शाळामास्तर निपजविण्यापुरतें आहे, स्वतःच्या पायांवर उभें राहण्यास त्याचा उपयोग नाहीं, असा त्यांचा रोख. स्वतः कंत्राटदारी केलेल्या माणसाचें हें म्हणणें होतें. विद्या घेऊन हात रिकामे राहतात कीं भरतात, हें ते हिशेबाच्या वहींतून शिकले होते.

मग एकापाठोपाठ एक धडपडी सुरू झाल्या. १८८४ सालीं पुण्याच्या ‘मराठा’ पत्रानें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या संस्थेचा कित्ता वाचकांपुढें ठेवला. १८८७ सालीं मुंबईंत व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. १८९० सालीं रानड्यांच्या पुढाकारानें पुण्यांत औद्योगिक परिषद भरली. भाषणें पुष्कळ झालीं. पण आज ज्या पट्ट्याचा आपण विचार करीत आहों, त्याच्या अगदीं वेशीवर एक प्रयोग असा झाला कीं त्याची आठवण येथील कॉलेजांच्या माहितीपत्रकांत कोठें आढळत नाहीं, आणि तो प्रयोग म्हणजे तळेगांवचा पैसा फंडाचा कांचकारखाना.

अंताजी दामोदर काळे या गृहस्थांच्या डोक्यांत एक साधी कल्पना आली. प्रत्येक माणसानें वर्षास एक पैसा द्यावा आणि त्या पैशांतून देशी धंदे उभारावे. लोकांनीं आधीं थट्टा केली. लोकमान्य टिळकांनीं कल्पना उचलून धरली, स्वदेशीच्या चळवळीचें वारें त्यास मिळालें, आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेची भट्टी पेटली. त्या काळीं बांगडी परदेशची, दिव्याची चिमणी परदेशची. घरांत जें फुटे तें पुन्हां परदेशांतूनच येई. कारखान्याची व्यवस्था ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे आली. ते उत्तरेकडचे, जपान व अमेरिका येथें जाऊन कांचेची विद्या शिकून आलेले. भट्टीबरोबरच तेथें शिकणाराची सोय होती, आणि आमच्या मतें त्या कारखान्याचें खरें मोल तेथें होतें. वाळू कोणती घ्यावी, सोडा किती घालावा, रस कधीं उचलावा, नळी फुंकतांना दम कोठें सोडावा, हें पुस्तकांत लिहून ठेवलें तरी भट्टीसमोर उभें राहिल्यावांचून कळत नाहीं. तळेगांवास शिकलेलीं माणसें पुढें देशभरच्या कांचकारखान्यांतून पसरलीं. त्यांपैकीं कोणाच्या भिंतीवर पदवीची चौकट नव्हती. पण पहिल्या महायुद्धांत परदेशी माल येणें अडलें तेव्हां देशांत भट्ट्या चालविण्यास जीं हाताचीं माणसें लागलीं, तीं पुरविणाऱ्या जागा थोड्याच होत्या, आणि तळेगांव त्यांपैकीं एक होतें.

शाखेच्या निवडीसंबंधीं मात्र मराठी माणसाच्या घरांत कोणाची गोष्ट सांगावयाची असेल तर ती लक्ष्मणराव किर्लोस्करांची. १८६९ चा त्यांचा जन्म. चित्रकलेची आवड म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेंत गेले. वडिलांस हें पसंत असणें शक्यच नव्हतें, पण मुलगा हट्टास पेटला. दोन वर्षें गेल्यावर ध्यानांत आलें कीं डोळ्यांस कांहीं रंग नीट ओळखतां येत नाहींत. चित्रकारास याहून मोठा आघात कोणता! आजच्या भाषेंत बोलावयाचें तर ‘शाखा चुकली’. परंतु रंग गेला तरी रेषा शाबूत होती. त्यांनीं यंत्रांचें रेखाटन आत्मसात केलें, आणि त्या बळावर व्हिक्टोरिया जुबिली संस्थेंत साहाय्यक शिक्षक झाले. तेथें यंत्रें हाताळावयास मिळालीं, इंग्रजी पुस्तकें व मासिकें वाचावयास मिळालीं. पुढें बढतीची वेळ आली तेव्हां ती दुसऱ्यास मिळाली, आणि लक्ष्मणरावांनीं नोकरीस रामराम ठोकला. बेळगांवास त्यांच्या बंधूंच्या साथीनें सायकलींचें दुकान निघालें होतेंच. सायकलीपासून कडबा कापण्याचें यंत्र, त्यापासून लोखंडी नांगर, असा तो प्रवास आहे. नांगर खपेना; लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. मग बेळगांवची जागा सोडावी लागली, औंधच्या अधिपतींनीं आश्रय दिला, आणि १९१० सालीं कुंडलच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली.

या गोष्टीचा उपयोग आपल्याकडे फार उथळपणें करतात. ‘पाहा, पदवी नसतांना केवढें नांव काढलें’ असें सांगून मुलास कॉलेज सोडावयास सांगणारे काकामामा प्रत्येक घरांत असतात. त्यांनीं गोष्टीचा उत्तरार्धहि सांगावा. ज्या माणसानें पदवीवांचून नांगर केला, त्यानेंच आपल्या मुलास, शंतनूरावांस, अमेरिकेंत धाडलें. आणि तेंहि त्याच मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेंत, जिचा कित्ता ‘मराठा’ पत्रानें १८८४ त दाखविला होता. शंतनूराव १९२६ सालीं यांत्रिक विद्येची पदवी घेऊन परतले, आणि १९४६ त खडकीस तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना उभा राहिला. नांगर डोळ्यानें पाहून आणि हातानें घडवून करतां येतो. डीझेल इंजिनाच्या पोटांत दाब किती, उष्णता किती, तेलाचा फवारा कोणत्या क्षणीं सुटावा, याचें गणित मांडावें लागतें. बापाच्या हातास जें पुरलें तें मुलाच्या कामास पुरणार नाहीं, हें लक्ष्मणरावांस कळलें, आणि म्हणून त्यांनीं पैसा तेथें घातला. कॉलेजच्या किंमतीचा याहून प्रामाणिक अंदाज आमच्या पाहण्यांत नाहीं.

येथें कॉलेजांच्या एका जुन्या खोडीचा उल्लेख करणें भाग आहे. शाखा नेहमीं कामाच्या मागून येते. खोपोलीस टाटांचें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें, सह्याद्रीच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या फिरूं लागल्या. आणि पुण्याच्या कॉलेजांत विजेची स्वतंत्र पदवी निघाली ती १९३२ सालीं. मधल्या सतरा वर्षांत तीं यंत्रें काय बंद होतीं? तीं चालविणारे स्थापत्याचे, यांत्रिकाचे, पदार्थविज्ञानाचे आणि कांहींच न शिकलेले असे सर्व प्रकारचे लोक होते. ज्याचा पाया पक्का त्यानें वीज शिकून घेतली.

आतां पिंपरीकडे वळूं. या गांवाचें औद्योगिक जातक मोटारीपासून सुरू होतें अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाहीं. पहिला मोठा सरकारी कारखाना आला तो औषधाचा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्यानें १९५४ सालीं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही संस्था स्थापन झाली, व पुढच्याच वर्षीं पिंपरींत पेनिसिलिन तयार होऊं लागलें. तेथें लेथ चालविणारापेक्षां बुरशीची मर्जी सांभाळणारा माणूस अधिक मोलाचा. हॅमायसिन हें बुरशीनाशक औषध याच प्रयोगशाळेंत शोधलें गेलें. ज्या मुलांनीं पन्नासाच्या दशकांत रसायन किंवा सूक्ष्मजंतुशास्त्र घेतलें, आणि ज्यांच्या आईबापांस ‘बी. एस्सी. होऊन मास्तरच होणार ना?’ असें शेजारी विचारीत, त्यांच्यासाठीं हें दार अचानक उघडलें. पुढें हाच कारखाना आजारी उद्योगांच्या यादींत जाऊन बसला, आणि तेथल्या नोकरीचा मान ओसरला. पण जंतुशास्त्र ओसरलें नाहीं. लशींचे व औषधांचे पुण्याजवळचे दुसरे कारखाने त्याच विद्येवर चालले आहेत.

१९६२ च्या ऑगस्टांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि माळरानावर आंखणी सुरू झाली. आकुर्डीस बजाजांच्या स्कूटरी निघूं लागल्या. एकेका स्कूटरीसाठीं गिऱ्हाईक दहा दहा वर्षें नंबर लावून बसे. १९६६ सालीं टेल्को आली. या कारखान्याच्या पायाभरणींतील एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं आणि त्याहूनहि पालकांनीं मुद्दाम ध्यानांत घ्यावी. सुमंत मुळगांवकर हे त्या उद्योगाचे सूत्रधार. स्वतः लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत शिकलेले. १९६६ त पुण्याचें काम सुरू झालें, पण पुण्यांतून पहिली मालमोटार बाहेर पडली ती १९७७ सालीं. मधल्या अकरा वर्षांत काय केलें? साचे व हत्यारें बनविण्याचे विभाग उभारले, यंत्रें बनविणारीं यंत्रें केलीं, आणि शिकाऊ मुलांची शाळा चालविली. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा; पण कायद्याप्रमाणें मुलें भरणें निराळें आणि त्यांच्या हातांत कानस देऊन लोखंडाचा तुकडा काटकोनांत येईपर्यंत घांसावयास लावणें निराळें. दहावी झालेल्या खेड्यांतल्या मुलांनीं तेथें जें शिकलें त्यावर त्यांचे संसार झाले. कित्येकांनीं नोकरी संपल्यावर, आणि कांहींनीं तत्पूर्वींच, भोसरीच्या गाळ्यांतून स्वतःचे छोटे कारखाने थाटले. भोसरीचें आजचें यंत्रकाम हें पुष्कळ अंशीं या शिकवणुकीचें पोर आहे.

त्याच टेल्कोच्या दारावर १९७४ सालीं आणखी एक प्रसंग घडला, तो सर्वश्रुत आहे. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, पुढच्या सुधा मूर्ती, यांनीं कंपनीची जाहिरात पाहिली. स्त्रियांनीं अर्ज करूं नये असें तींत छापलेलें. त्यांनीं सरळ जे. आर. डी. टाटांस कार्ड लिहिलें. मुलाखतीस बोलावणें आलें, आणि नोकरीहि मिळाली. शाखा योग्य, गुण उत्तम, तरी दार बंद, असा अनुभव मुलींच्या वांट्यास पूर्वीं सर्रास येई. आज पिंपरी-चाकणच्या वर्कशॉपांतून निळा गणवेश घातलेल्या मुली दिसतात त्याचें श्रेय एका पोस्टकार्डास देणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु ‘मुलीनें मेकॅनिकल घेऊं नये’ हें शास्त्र कोठल्याहि शास्त्रांत नाहीं, एवढें त्या कार्डानें सिद्ध केलें.

या सर्व काळांत शाखांचा भाव कसा फिरला तें पाहण्यासारखें आहे. व्हिक्टोरिया जुबिली संस्थेंत कापडविद्येचा विभाग आरंभापासून महत्त्वाचा, कारण मुंबई म्हणजे गिरण्या. १९८२ च्या जानेवारींत गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर जें झालें तें लालबाग-परळच्या चाळींस विचारावें. दुसऱ्याच वर्षीं, १९८३ सालीं, वसंतदादा पाटलांच्या सरकारनें विनाअनुदान तत्त्वावर खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांस परवानगी दिली. त्यापूर्वीं महाराष्ट्रांतील मुलें देणग्या भरून कर्नाटकांत जात. आतां पुण्याच्या भोंवतीं कॉलेजें उगवूं लागलीं. या निर्णयामुळें ज्या घरांत पूर्वीं पदवी नव्हती त्या घरांत ती आली, हें नाकबूल करणें कृतघ्नपणाचें ठरेल. पण शिक्षक आधीं कीं इमारत आधीं, यंत्रशाळा आधीं कीं प्रवेशद्वाराची कमान आधीं, या प्रश्नाचें उत्तर कित्येक संस्थाचालकांनीं कमानीच्या बाजूनें दिलें. नव्वदीनंतर हिंजवडीचें संगणकनगर वाढलें, आणि यांत्रिकास मागें टाकून संगणकाची शाखा पुढें गेली. २००१ त तिला एक तडाखा बसला, २००८ त दुसरा. दोन्ही वेळां कांहीं काळ पालक पुन्हां यांत्रिकाकडे वळले. २००७ सालीं आकुर्डीच्या बजाजांचें उत्पादन थांबलें आणि ज्या भोंग्यावर गांवाचीं घड्याळें लागत तो मुका झाला. लगोलग चाकणचा उदय झाला. १९९९ पासून तेथें बजाजांचा कारखाना होताच. २००९ सालीं फोक्सवॅगन व मर्सिडीज, २०१० सालीं महिंद्र आले. तळेगांवास २००८ मध्यें मोठ्या थाटानें उघडलेला जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या डिसेंबरांत बंद पडला, आणि तोच पुढें हुंदाईनें घेतला. एका मुलानें अकरावींत असतांना ज्या कारखान्याचें स्वप्न पाहावें, तो कारखाना त्याच्या तिशीच्या आंत मालक बदलतो, असा हा काळ आहे.

चाकणचे ते गृहस्थ आले तेव्हां आम्हीं त्यांस हीं सालें सांगितलीं नाहींत. सालांनीं माणूस पटत नाहीं. आम्हीं त्यांस कांद्याविषयीं विचारलें. चाकणचा कांद्याचा बाजार जुना आणि नांवाजलेला, आणि या गृहस्थांनीं आयुष्यभर कांदा केलेला. “कांद्याला भाव कधीं पडतो?” ते हंसले. “गेल्या साली भाव आला म्हणून सगळ्यांनीं लावला, कीं या साली पडला.” मग आम्हीं म्हणालों, “कॉलेजचेंहि असेंच आहे. यंदा ज्या शाखेस भाव, तीस सगळे गर्दी करतात. कॉलेजेंहि तिच्याच जागा वाढवितात. आणि पीक बाजारांत येतें चार वर्षांनीं.” गृहस्थ कांहीं वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “कांदा चार महिन्यांत निघतो, गुरुजी. हा चार वर्षांनीं निघायचा, आणि पुढं चाळीस वर्षं विकायचा.” हिशेब त्यांनींच आमच्याहून नेटका मांडला.

अलीकडच्या कांहीं वर्षांत हेंच झालें आहे. संगणकाच्या जागा वाढत गेल्या, स्थापत्य आणि यांत्रिकाचे बांक रिकामे राहूं लागले. आणि तेंहि अशा पट्ट्यांत, कीं जेथें हजारों लहानमोठे कारखाने दिवसरात्र लोखंड कापीत आहेत. याचा अर्थ सर्वांनीं यांत्रिक घ्यावें असा नाहीं. तसें सांगणें म्हणजे पुन्हां कांद्याचाच सल्ला. आमचें म्हणणें एवढेंच कीं, शाखा ही झाडाची असते आणि झाडास खोड असतें. १ एप्रिल २०२० पासून देशांत धुराचे नवे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला. त्याची जागा संगणकानें चालणाऱ्या इंधनफवाऱ्यानें घेतली. ज्याला केवळ कार्बोरेटर खोलतां येत होता त्याचा धंदा बसूं लागला. ज्याला ज्वलन म्हणजे काय हें कळलें होतें, त्यास फवारा समजावयास फार वेळ लागला नाहीं. चार वर्षांच्या पदवीचें मोल, ती खरी असेल तर, या दुसऱ्या शिकण्यांत आहे. ती नुसती कागदाची असेल, तर आय. टी. आय.चा फिटर अशा पदवीधरापेक्षां अधिक कमावतो आणि अधिक मानानें जगतो, हें भोसरींत कोणीहि सांगेल. पदवी घेऊन ठेकेदाराच्या हजेरीपटावर सहा-सहा महिन्यांनीं नांव नव्यानें लिहविणारीं मुलें या पट्ट्यांत थोडीं नाहींत. त्यांच्या आईबापांनीं भरलेल्या फीचे हप्ते अजून चालू आहेत.

शाखांच्या मधल्या भिंती तर कारखान्यांत आधींच पडल्या आहेत. फोक्सवॅगननें २०११ पासून चाकणांत जर्मन पद्धतीची उमेदवारी चालविली, तींत यंत्र, वीज आणि इलेक्ट्रॉनिकी हीं एकाच मुलास शिकवितात. कांहीं दिवस वर्गांत, कांहीं दिवस यंत्रावर. तळेगांवच्या कांचभट्टीपाशीं शिकणाऱ्या मुलास हें पाहून नवल वाटलें नसतें. आकुर्डीचीहि गोष्ट पाहा. ज्या जागीं पेट्रोलवरची चेतक घडली, जेथें २००७ सालीं शुकशुकाट झाला, तेथेंच २०२२ च्या जूनमध्यें विजेवरच्या चेतकचा नवा कारखाना उघडला. जागा तीच, नांवहि तेंच. पण आंत कामास उभा राहणारा माणूस आतां विजेची मोटर, बॅटरी आणि आज्ञावली यांशीं बोलणारा हवा.

त्या दिवशीं निघतांना आम्हीं मुलास प्रथमच विचारलें, “बाबा, तुला काय करावयास आवडतें?” त्यानें वडिलांकडे पाहिलें. वडीलच म्हणाले, “उरलेल्या रानांत विहिरीवर मोटर आहे. ती जळली कीं हा खोलून बसतो. दोनदां यानंच चालू केली.” मुलगा लाजून म्हणाला, “तिसऱ्यांदां नाहीं जमली. वाइंडिंग उलटं पडलं होतं. कां तें मला अजून कळलं नाहीं.” ‘कां तें कळलं नाहीं’ हें वाक्य ऐकून आम्हांस बरें वाटलें. शाखेचें नांव आम्हीं तेव्हांहि सांगितलें नाहीं. एवढेंच सांगितलें कीं प्रवेश घेण्यापूर्वीं प्रत्येक कॉलेजांत जाऊन यंत्रशाळा आणि विजेची प्रयोगशाळा दाखवा म्हणावें, आणि तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलास गांठून, त्यानें स्वतःच्या हातानें शेवटचें काय केलें तें विचारावें.

आठ दिवसांनीं गृहस्थांचा फोन आला. बापलेक दोन कॉलेजें पाहून आले होते. पहिल्यांत चहा मिळाला, रंगीत पुस्तिका मिळाली, आणि नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो लावलेली भिंत दाखविली. यंत्रशाळेची किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते. दुसऱ्यांत यंत्रशाळा उघडी होती. लेथवर प्लॅस्टिकचें आच्छादन होतें आणि त्यावर बोटानें नांव लिहितां येईल इतकी धूळ. “यानं लिहून पण पाहिलं,” गृहस्थ म्हणाले. मग थोडें थांबून त्यांनीं विचारलें, “गुरुजी, तिसरं कॉलेज जरा लांब आहे, फी पण कमी आहे. जाऊन बघूं का?” आम्हीं म्हणालों, उद्यांच जा, आणि सकाळच्या प्रात्यक्षिकाच्या वेळीं जा.